काकांचे इओसिनोफिल

आमच्या बेळगावात इओसिनोफिल, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, वाढलेत म्हणून कुणी घाबरत नाही. रिपोर्टात त्या ओळीत ठळक अक्षरात आकडा आला की डॉक्टर म्हणतात ॲलर्जी असेल नाहीतर जंत, आणि माणूस चिठ्ठी घेऊन आमच्या मेडिकलात येतो. जंताची अल्बेंडाझोल एक गोळी, फायलेरियाची डीईसी तीन आठवडे, ॲलर्जीची माँटेलुकास्ट-लिव्होसिट्रिझिन रात्री झोपताना. मी शहापुरात मेडिकलात फार्मासिस्ट आहे, ही चिठ्ठी मला आता तोंडपाठ आहे. त्यात डॉक्टरांचं काही चुकतं असंही नाही, आपल्याकडे जंत, दमा, ॲलर्जी आणि फायलेरियामुळं होणारा फुप्फुसाचा इओसिनोफिलिया हेच जास्त दिसतं आणि बहुतेकांना तेवढी चिठ्ठी पुरते. खोकला जातो, खाज जाते, आकडा खाली येतो.

माझ्या काकांचा आला नाही. हे लिहायचं कारण एवढंच.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, पन्नाशीच्या अलीकडचे, वडगावात घरालाच लागून पॉवरलूम, साड्या विणतात. कोरडा खोकला, रात्री अंगाला खाज, थोडं चाललं की दम. सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं की ही सुताची धूळ. काका स्वतःच म्हणायचे, "लूमची धूळ हाय गे ती, जन्मभर खाऊलालोय, आता काय नवीन हाय व्हय." छातीच्या डॉक्टरांनी फिल्म काढली, रक्त तपासलं, इओसिनोफिल चार हजार. नॉर्मल माणसात ते एका मायक्रोलिटरला ५०० च्या आत असतात. डीईसीचा कोर्स झाला, जंताची गोळी झाली, इनहेलर झाला. पुढच्या वेळी नऊ हजार. मग काही दिवस स्टेरॉइड दिलं, थोडे उतरले, बंद केल्यावर परत वर. खोकला मात्र कमी झाला होता, त्यामुळं काका म्हणाले बरं वाटूलालंय आणि पुढं कुणी रक्तच काढलं नाही. काकीनं लूमच्या खोलीला एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला, काकांना मास्क घालायला लावला, तो मास्क दिवसभर हनुवटीखाली.

मग मंगाईची जत्रा आली. आमच्या वडगावात जत्रा म्हणजे घरोघरी पाव्हणे, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, आणि काकांचा डावा पाय सुजलेला. पोटरी दगडासारखी कडक. पाव्हण्यांत कोण म्हणालं शिरा फुगल्यात, कोण म्हणालं दिवसभर लूमपुढं उभं राहून झालंय, गडहिंग्लजच्या आत्यानं तेल चोळायला सुरुवात केली ती मी हात धरून थांबवली. असा एकाच पायाला अचानक सूज आली आणि दुखत असेल तर चोळू नये, आधी डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करावा, एवढं मला माहीत होतं. डॉपलरमध्ये गुडघ्यामागनं मांडीपर्यंत खोल शिरेत रक्ताची गुठळी. सर्जननी पोटात घ्यायची इनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं सुरू केली, नंतर रक्त पातळ करायची वॉरफॅरिनची गोळी, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, दोन ते तीनमध्ये ठेवायला सांगितला.

इथं एक सांगते, कारण मेडिकलात रोज कुणीतरी विचारतं. वॉरफॅरिन सुरू झालं की घरातले पालेभाजी बंदच करून टाकतात. काकीनंही मेथी, पालक, सगळं बंद केलं. बंद करायची गरज नसते, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं असतं, एक आठवडा काहीच नाही आणि मग जेवणावळीत दोन वाट्या असं झालं की आयएनआर नाचतो.

तर आता काकांच्या दोन फायली झाल्या. एक छातीची, एक पायाची. छातीच्या फाईलीत इओसिनोफिल होते आणि पायाच्या फाईलीत गुठळी. पायाच्या डॉक्टरांनी गुठळीचं कारण शोधायला प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिफॉस्फोलिपिड वगैरे महागड्या तपासण्या केल्या, सगळ्या नॉर्मल. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, मात्र पांढऱ्या पेशी २४ हजार होत्या, त्यावर शेरा होता इन्फेक्शन. त्यात जवळजवळ निम्मे इओसिनोफिलच होते, पण ती ओळ खाली असते.

काही महिन्यांनी सकाळी काकी फोनवर रडत. काका चहा पिता पिता अडखळायला लागलेले, जीभ जड, उजवा हात ऐकत नाही. "अहो तुमी काय बोलूलालाय मला कायबी समजंना झालंय" असं ती त्यांना म्हणत होती आणि फोन माझ्या कानाला. इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे ठिपके, एका मोठ्या रक्तवाहिनीत अडथळा आला तर एकाच बाजूचा भाग जातो, इथं तसं नव्हतं. आणि त्या दिवशीचा आयएनआर २.४. म्हणजे रक्त पातळ करायचं औषध बरोबर चाललेलं होतं आणि तरी हे झालं. न्यूरॉलॉजीचे डॉक्टर तिथं अडले. त्यांनी काकांचे हात उलटसुलट करून नखं बघितली, नखांखाली बारीक काळपट-लाल रेघा होत्या, काड्या टोचल्यासारख्या. काका म्हणाले लूमवर लागलं असंल. दहाही बोटांना कसं लागेल?

मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं टोक गुठळीनं भरलेलं, पंपिंग ठीक आहे पण आतलं अस्तर जाड झालंय, मायट्रल झडप थोडी गळते. हार्ट ॲटॅक न येता, पंपिंग चांगलं असताना तिथं गुठळी बसणं हे फारसं होत नाही.

खरी गाठ मात्र सोडवली ती कुणी मोठ्या सरांनी नाही, लॅबमध्ये खाली बसून स्लाईड बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी. वॉर्डात फोन आला, या पेशंटचे जुने सीबीसी आहेत का, असतील तेवढे सगळे पाहिजेत. काकी रिपोर्ट टाकून देत नाही, साडीच्या रिकाम्या खोक्यात ठेवते, लाईटबिलं आणि सोसायटीच्या पावत्यांसकट. खोकं आणलं, मी तारखेप्रमाणे रिपोर्ट लावले. चार हजार, नऊ हजार, मधे थोडा उतार, मग अकरा, आता चौदा. मॅडम वर आल्या, म्हणाल्या हे जंत नव्हेत, दीड हजाराच्या वर इतके दिवस सतत राहिले तर कारण सापडेपर्यंत शोधायला पाहिजे, आणि या पेशी दिसायलाही बरोबर नाहीत, आतले दाणे कमी आहेत, मधे पोकळ जागा आहेत. मग म्हणाल्या, गुठळ्या वेगळ्या आणि इओसिनोफिल वेगळे असं धरू नका.

ते कसं, हे मला हिमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांनी, नंतर समजावलं. इओसिनोफिल पेशीच्या दाण्यांत परजीवी मारायची जहाल प्रथिनं असतात. पेशी थोड्या असतील आणि समोर खरोखर जंत असेल तर ठीक, पण हजारोंच्या संख्येनं त्या महिनोन् महिने फिरायला लागल्या की तीच प्रथिनं रक्तवाहिन्यांच्या आणि हृदयाच्या आतल्या अस्तराला भाजून काढतात. अस्तरावर थ्रोम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं, रक्त गोठू नये म्हणून राबणारं, त्यालाही ही प्रथिनं निकामी करतात. हृदयात याच्या तीन पायऱ्या असतात, आधी अस्तर मरतं, मग त्यावर गुठळी बसते, मग तिथं चट्टा होऊन हृदय कडक होतं. विल्हेल्म लोफ्लर या स्विस डॉक्टरांनी १९३६ मध्ये हे वर्णन केलंय, म्हणून लोफ्लर्स एंडोकार्डायटिस. काका दुसऱ्या पायरीवर होते. त्या हृदयातल्या गुठळीचे कण सुटून मेंदूत गेलेले. पायाच्या शिरेतली गुठळी तिथनं आलेली नव्हती, ती शिरेतच झालेली, पण दोन्हीचं मूळ एकच.

आता इओसिनोफिल वाढवतंय कोण? हिमॅटॉलॉजिस्टनी पोट दाबून बघितलं, प्लीहा हाताला लागत होती. बी-१२ करायला सांगितलं. मला वाटलं हे कशाला, इथं अर्ध्या गावाचं बी-१२ कमीच असतं, मी त्याचीच इंजेक्शनं विकते. रिपोर्ट आला, २००० पेक्षा जास्त, मशीनला पुढं मोजताच येत नाही. नर्स कन्नडमधनं विचारत होती इंजेक्शन घेतलंत काय म्हणून, काका कन्नड बाजारापुरतं बोलतात, ते आपले "इल्ल, इल्ल". बोन मॅरोच्या, म्हणजे हाडातल्या रक्तपेशी तयार करणाऱ्या गराच्या, काही आजारांत बी-१२ असं वर जातं. रक्तातलं ट्रिप्टेज नावाचं प्रथिनही वाढलेलं. म्हणजे ॲलर्जीनं भडकलेल्या निरोगी पेशी नव्हेत, कारखान्यातच बिघाड.

कमरेच्या हाडातनं मॅरो काढली. काका पालथे झोपून सगळं ऐकत होते, नंतर म्हणाले दुखलं कमी, आवाजच जास्त. पहिला क्रोमोसोमचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि काकीनं सोमवारी कपिलेश्वराला जाऊन नारळ फोडला. पण डॉक्टर म्हणाले या तपासणीत ते दिसणारच नाही. चौथ्या क्रोमोसोमवरचा साधारण ८०० किलोबेस एवढा बारीक तुकडा गळून पडतो आणि दोन बाजूंची जीन्स एकमेकांना चिकटतात, एफआयपी१एल१ आणि पीडीजीएफआरए. मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोम धडधाकट दिसतो. त्यासाठी फिश नावाची वेगळी टेस्ट लागते, ज्यात मधलं सीएचआयसी२ हे जीन गायब झालंय का ते बघतात. सॅम्पल बाहेर पाठवायला लागलं. ते दिवस वाईट गेले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह. क्रॉनिक इओसिनोफिलिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, काकांच्या फाईलीवर अजून तेच लिहिलंय, नव्या वर्गीकरणात त्याला जीनच्या नावानं वेगळा कप्पा दिलाय. अतिशय दुर्मिळ. आणि जवळजवळ सगळे पेशंट पुरुषच, असं का ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

काका म्हणाले, "मला मराठीत सांग गे." मी सांगितलं की पेशीला वाढ म्हणणारं एक बटण असतं, ते एरवी लागेल तेव्हाच दाबलं जातं, तुमच्यात ते चालूच राहिलंय. काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे धागा तुटला तरी लूम थांबंना झालंय. नुस्तं खडाखडा, खडाखडा." याच्यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

आता गंमत. ल्युकेमिया म्हटल्यावर घरात रडारड, कुणी म्हणतंय पुण्याला न्या, कुणी मुंबई, कुणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत बेंगळूरला. आणि हिमॅटॉलॉजिस्ट हसत होते. खरोखर हसत होते. म्हणाले या आजाराला जेवढ्या तऱ्हा आहेत त्यातली ही औषधाला सगळ्यात जास्त वळणारी आहे, इमॅटिनिब द्यायचं, तेही १०० मिलिग्रॅम. मी मेडिकलवाली, मला इमॅटिनिब म्हणजे ४०० मिलिग्रॅमच माहीत, सीएमएल या दुसऱ्या एका रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटला देतात ते. इथं त्याचा पाव.

या गोळीची गोष्ट मला फार आवडते. इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत सीएमएलसाठी मंजूर झालं. त्याच सुमारास काही डॉक्टरांनी कारण न कळणाऱ्या इओसिनोफिलियाच्या पेशंटना ते देऊन बघितलं आणि काहींचे आकडे धडाधड खाली आले, का ते कुणालाच माहीत नाही. मग औषध चालतंय म्हणजे आत त्याचं काहीतरी लक्ष्य असणार असं म्हणून उलटा शोध सुरू झाला आणि २००३ मध्ये हे चिकटलेलं जीन सापडलं. आधी औषध, मग आजाराचं कारण.

पैशाचीही एक गोष्ट आहे. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकच्या, म्हणजे त्यांच्या ब्रँडच्या इमॅटिनिबच्या, पेटंटचा खटला सुप्रीम कोर्टानं १ एप्रिल २०१३ ला निकालात काढला, पेटंट नाकारलं. त्या वेळच्या बातम्यांत महिन्याला ग्लिव्हेक सव्वा लाखाच्या आसपास आणि आपली जेनेरिक आठ-दहा हजार असे आकडे असायचे, आता तर आणखी स्वस्त. घरात आमचं ठरत होतं कुठलं कार्ड कुठं चालतं. आमचं रेशनकार्ड कर्नाटकाचं, आणि महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लावायचं ठरवलं त्यावरनं दोन्हीकडं वाद पेटलेला, कोल्हापूरचे पाव्हणे म्हणत होते हिकडं या, इथले म्हणत होते कशाला. शेवटी गोळीला कुठलंच कार्ड लागलं नाही. ॲडमिशन आणि तपासण्यांचा खर्च मात्र झाला, त्याला काकांनी दोन लूम विकले.

गोळी सुरू करताना दोन गोष्टी त्यांनी सांभाळल्या आणि त्या मला महत्त्वाच्या वाटतात. हृदयात इओसिनोफिल भरलेले असताना इमॅटिनिब दिलं तर ते तिथल्या तिथं फुटतात आणि हृदयाला अचानक मार बसू शकतो, म्हणून ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला मार बसला की रक्तात वाढणारं प्रथिन, बघून, आधीपासनं स्टेरॉइडच्या आडोशानं, वॉर्डातच ठेवून पहिले दिवस काढले. स्टेरॉइडच्या आधी आयव्हरमेक्टिन दिलं, कारण पोटात स्ट्राँगिलॉइड्स जंत लपलेला असेल तर स्टेरॉइडनं तो जिवावर बेतू शकतो. म्हणजे शेवटी जंताचं औषध आलंच! दुसरी गोष्ट वॉरफॅरिनची. इमॅटिनिब लिव्हरमधल्या ज्या यंत्रणेनं वॉरफॅरिन बाहेर पडतं तिलाच अडवतं, आयएनआर भलताच वर जाऊ शकतो, म्हणून वॉरफॅरिन बंद करून परत पोटातली इंजेक्शनं. काकांना सुयांचा कंटाळा, "परत व्हय?" म्हणाले. काकी आता सफाईनं इंजेक्शन देते, सोमवारी डावीकडं, मंगळवारी उजवीकडं.

आठवडा-दोन आठवड्यांत इओसिनोफिल चौदा हजारावरनं चारशेवर. मी लॅबला फोन करून परत विचारलं, नाव बरोबर हाय ना म्हणून. खाज गेली. प्लीहा हळूहळू आत गेली. बोलणं जवळजवळ पूर्ववत झालं, दमले की अजून एखादा शब्द घसरतो. हृदयातली गुठळी पुढच्या इकोत बारीक झालेली दिसली. पण अस्तराचा जो चट्टा झाला तो झाला, झडप गळते ती गळते, जिना चढताना काका मधे थांबतात. गोळीनं पेशी थांबतात, मागं झालेलं दुरुस्त होत नाही.

आणखी बारीक गोष्टी, कुणाच्या घरी ही गोळी चालू असेल तर. जेवणाबरोबर आणि मोठा ग्लास पाणी घेऊन घ्यायची, नाहीतर मळमळतं. सकाळी डोळ्यांखाली सूज येते, काकांचा चेहरा लग्नातल्या जागरणाचा दिसतो. पायात वांब येतात. आणि पाय सुजला की आम्ही सगळे डावा की उजवा, एकच की दोन्ही, हे आधी बघतो. दोन्ही थोडे सुजले तर बहुतेक गोळी, एकच सुजला तर डॉपलर. पपनस बंद, ते या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं, काका म्हणाले बंद काय करायचं, वर्षात एकदा गणपतीत खातोय.

मेडिकलात आता काय करते विचाराल तर, इओसिनोफिलची चिठ्ठी आली की औषध देते, त्यात काही बदल नाही. फक्त कोर्स संपल्यावर परत सीबीसी कधी सांगितलाय ते विचारते. काही लोक चिडतात, डॉक्टर तुम्ही का ते, म्हणतात.

काकांनी डॉक्टरांना विचारून झालंय, गोळी कधी बंद. काही वर्षं जीन तपासणीत सापडेनासं झाल्यावर काही पेशंटनी थांबवून बघितलीय, काहींचं परत आलं, परत गोळीनं गेलं, पण हृदयाला लागलेल्या माणसावर हा प्रयोग आत्ता नको म्हणाले. मग काकांनी लूमचं विचारलं. चालवा म्हणाले, पण वजनाचं बीम उचलायचं नाही. ते आता चुलतभाऊ उचलतो आणि काका बाजूला उभं राहून त्याला शिव्या देतात. आणि माझं काम म्हणजे १०० मिलिग्रॅमची पट्टी संपायच्या आत मागवून ठेवणं, कारण स्टॉकिस्ट दर वेळी ४०० चीच पाठवतो, आणि दर वेळी मी त्याला सांगते, अण्णा, चारशेची नव्हं, शंभरची.